कच्च्या मालावर डम्पिंगविरोधी शुल्क येते तेव्हा लघुउद्योजकाने काय करावे

शेतीसाठी पीव्हीसी पाइप बनवणाऱ्या एका लघुउद्योजकाने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. पाइपचा कच्चा माल असलेले पीव्हीसी रेझिन ते स्वतः आयात करत नाहीत, मुंबईतील आयातदाराकडून विकत घेतात. परदेशी रेझिनवर डम्पिंगविरोधी शुल्क बसणार अशी बातमी आली की शुल्क लागू होण्याआधीच बाजारात भाव चढतात, देशी उत्पादकही दर वाढवतात आणि पाइपच्या घेतलेल्या ऑर्डरी जुन्याच दराने पुऱ्या कराव्या लागतात. त्यांचे तीन प्रश्न आहेत. सरकार हे शुल्क नेमके कशावरून ठरवते? त्यात आमच्यासारख्यांचे म्हणणे कोणी ऐकते का? ऐकत असेल, तर ते कधी आणि कसे मांडायचे? परिव्यय लेखापाल (कॉस्ट अकाउंटंट) म्हणून या प्रकरणांत मी अर्जदार उत्पादकांच्या बाजूनेही काम केले आहे आणि माल वापरणाऱ्यांच्या बाजूनेही, त्यामुळे दोन्हीकडचे जे दिसते ते येथे मांडतो.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करायला हवा. स्वस्त आयात म्हणजे डम्पिंग नव्हे. एखाद्या देशात वीज स्वस्त आहे, कारखाने मोठे आहेत किंवा कच्चा माल दाराशी आहे म्हणून तिथला माल आपल्यापेक्षा कमी खर्चात तयार होत असेल आणि त्याच भावाने तो सगळीकडे विकला जात असेल, तर कायद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. निर्यातदार आपल्या देशात ज्या भावाने माल विकतो त्याहून कमी भावाने तो भारतात पाठवतो तेव्हाच त्याला डम्पिंग म्हणतात. दोन्ही भाव कारखान्याच्या दारातले धरावे लागतात. जहाजभाडे, विमा, बंदराचा खर्च, कमिशन हे सारे वजा करून मग तुलना होते. पीव्हीसीचेच पाहा. चीनमधील बरेच पीव्हीसी कोळशापासून, कॅल्शियम कार्बाइड आणि ॲसिटिलीनच्या मार्गाने बनते, तर आपल्याकडचे उत्पादक मुख्यतः इथिलीन किंवा त्यापासून बनणारी ईडीसी, व्हीसीएम ही मधल्या टप्प्यावरची रसायने यांवर अवलंबून आहेत. कच्चे तेल महागते तेव्हा या दोन मार्गांच्या खर्चात मोठी तफावत पडते. ही तफावत म्हणजे डम्पिंग नाही. डम्पिंग वेगळे सिद्ध करावे लागते.

साधे सीमाशुल्क आणि डम्पिंगविरोधी शुल्क यांतला भेदही इथेच आहे. सीमाशुल्काचा दर हा सरकारचा धोरणात्मक निर्णय असतो. जागतिक व्यापार संघटनेत आपण जी कमाल मर्यादा मान्य केली आहे तिच्या आत अर्थसंकल्पात किंवा एखाद्या अधिसूचनेने तो बदलता येतो आणि त्यासाठी कोणाची सुनावणी घ्यावी लागत नाही. डम्पिंगविरोधी शुल्क मात्र सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या कलम ९ए खाली आणि १९९५ च्या नियमांनुसार तपास झाल्यावरच बसते. देशी उद्योगाने अर्ज करावा लागतो, पुरावा द्यावा लागतो, दुसऱ्या बाजूला उत्तराची संधी द्यावी लागते आणि शेवटी कारणांसह निष्कर्ष प्रसिद्ध करावे लागतात. आपल्यासारख्या छोट्या वापरकर्त्याला दरवाजा उघडा मिळतो तो या कार्यपद्धतीमुळेच, आणि बहुतेक जण तो वापरत नाहीत ही मला खरोखर बोचणारी गोष्ट आहे.

या शुल्काचा वापर गेल्या तीन दशकांत इतका का वाढला हेही समजून घ्यावे. १९९१ नंतर सीमाशुल्काचे दर उतरत गेले, पुढे जपान, दक्षिण कोरिया आणि आसियान गटातील आग्नेय आशियाई देशांशी व्यापार करार झाले आणि त्या देशांतील अनेक वस्तूंवरचे मूळ सीमाशुल्क शून्यावर किंवा शून्याजवळ आले. भिंत खाली आल्यावर उद्योगाला हाताशी उरलेले साधन हेच होते, कारण मुक्त व्यापार करार असलेल्या देशाच्या मालावरही डम्पिंगविरोधी शुल्क लावता येते. १९९५ पासून आजवर असे तपास सर्वाधिक संख्येने सुरू करणारा देश भारत आहे आणि त्यांत सर्वाधिक प्रकरणे चिनी मालाविरुद्धची आहेत. देशातले पहिले प्रकरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पीव्हीसी रेझिनचेच होते. २०२४ मध्ये चीन, अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया, तैवान, थायलंड आणि इंडोनेशिया या सात देशांच्या सस्पेन्शन पीव्हीसीवर, म्हणजे पाइपसाठी लागणाऱ्या नेहमीच्या प्रकारच्या रेझिनवर, पुन्हा तपास झाला. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक पीव्हीसी बाहेरून येते, त्यातला सर्वांत मोठा वाटा पाइपसाठी जातो आणि पाइपचा मोठा ग्राहक शेतकरी आहे. महाराष्ट्रात तर या वादाच्या दोन्ही बाजू नांदतात: रत्नागिरीजवळ रेझिनचा कारखाना आहे आणि जळगावपासून सांगलीपर्यंत त्या रेझिनवर चालणारे पाइप व ठिबक सिंचनाचे उद्योग आहेत.

आता तपास कसा चालतो ते पाहू. वाणिज्य मंत्रालयाखालील व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर, हे काम करते. २०१८ पूर्वी त्याचे स्वरूप आणि नाव वेगळे होते, पण कामाची पद्धत बहुतांश तीच आहे. अर्जाला पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांचे उत्पादन देशातील एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के असावे लागते, शिवाय मत व्यक्त करणाऱ्या उत्पादकांपैकी उत्पादनाच्या हिशेबाने निम्म्याहून अधिक बाजूने असावे लागतात. जो उत्पादक स्वतःच तो माल आयात करतो किंवा परदेशी निर्यातदाराशी ज्याचे मालकीचे नाते आहे, त्याला देशी उद्योगाच्या व्याख्येतून वगळता येते. म्हणून अर्जाची प्रत हाती आली की अर्जदार कोण, कोणते उत्पादक गप्प राहिले आणि अर्जदारांपैकी कोणी आयात करतो का, या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. अनेकदा प्रकरणाचा पाया इथेच भक्कम किंवा डळमळीत ठरतो.

प्राथमिक पुरावा पटला की राजपत्रात तपास सुरू झाल्याची अधिसूचना येते. त्यात वस्तूची व्याख्या, देश, तपासाचा कालावधी (सामान्यतः १२ महिन्यांचा) आणि त्याआधीची तीन वर्षे धरून हानीचा कालावधी दिलेला असतो. डम्पिंग मोजायचे ते या १२ महिन्यांचे आणि हानीचा कल पाहायचा तो चारही वर्षांचा. अंतिम निष्कर्ष एक वर्षात द्यायचे असतात आणि ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. दरम्यान, तपास सुरू झाल्यापासून ६० दिवस उलटल्यावर तात्पुरते शुल्क लावता येते. ते साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत असते. अंतिम शुल्क तात्पुरत्यापेक्षा जास्त निघाले तर मधल्या काळातला फरक वसूल होत नाही आणि कमी निघाले तर जादा भरलेली रक्कम परत मिळते. ही तरतूद लक्षात ठेवावी, कारण परतावा मागायचा तो वेळेत आणि कागदपत्रांसह. तो आपोआप खात्यात येत नाही.

तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: डम्पिंग, देशी उद्योगाची हानी आणि या दोहोंतला कार्यकारणसंबंध. डम्पिंगचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी असेल, किंवा एखाद्या देशाचा वाटा एकूण आयातीच्या तीन टक्क्यांहून कमी असेल, तर त्या देशापुरता तपास बंद करावा लागतो. अपवाद एवढाच, की असे छोटे वाटे असलेले देश मिळून सात टक्क्यांच्या वर जात असतील तर ते सुटत नाहीत. चीनबाबत अडचण वेगळी आहे. तिथले भाव व खर्च बाजाराने ठरतात हे निर्यातदाराने सिद्ध केले नाही, तर आपल्याकडे ते आकडे बाजूला ठेवून तिसऱ्या देशाच्या किंवा भारतातल्याच किमतींवरून सामान्य मूल्य, म्हणजे निर्यातदाराच्या देशातला तुलनेसाठी धरायचा भाव, बांधले जाते. जागतिक व्यापार संघटनेतील चीनच्या २००१ च्या प्रवेशकरारातील संबंधित तरतूद डिसेंबर २०१६ मध्ये संपली असे चीनचे म्हणणे आहे. भारताने मात्र ही पद्धत सोडलेली नाही. याचा व्यवहारातला परिणाम असा, की चिनी मालावर डम्पिंगचे प्रमाण बहुधा मोठे निघते. त्यामुळे वापरकर्त्याने डम्पिंग झालेच नाही यावर शक्ती घालवू नये. तो वाद निर्यातदाराचा आहे आणि त्याचे आकडेही त्याच्याचकडे असतात.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे: शुल्क किती, आणि कोणत्या मालावर. भारतात कमी शुल्काचे तत्त्व कायद्याने बंधनकारक आहे. डम्पिंगचे प्रमाण आणि हानीचे प्रमाण यांपैकी जे कमी असेल तेवढेच शुल्क लावता येते. अमेरिकेत अशी तरतूद नाही. तिथे डम्पिंग जेवढे तेवढे शुल्क. आपला नियम मला न्याय्य वाटतो, कारण उद्देश निर्यातदाराला दंड करण्याचा नसून देशी उत्पादकाला झालेली इजा भरून काढण्याचा आहे.

हिशेब समजावा म्हणून काल्पनिक आकडे घेतो, सर्व प्रतिटन डॉलरमध्ये. निर्यातदार आपल्या देशात कारखान्याच्या दारात ९०० ला विकतो. भारतात त्याचा माल विमा-भाड्यासह ८३० ला पोहोचतो. भाडे, विमा वगैरे ५० वजा केले की कारखान्याच्या दारातली निर्यात किंमत ७८० होते. डम्पिंगचे प्रमाण १२० डॉलर, म्हणजे ७८० वर सुमारे १५ टक्के. आता हानी पाहू. ८३० वर साडेसात टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार धरला की मालाचे बंदरावरचे मूल्य ८९८ होते. देशी उत्पादकाला ज्या भावाने विकले असता इजा होणार नाही, तो ‘हानिरहित भाव’ तपासात ९७० ठरला असे समजू. हानीचे प्रमाण ७२. डम्पिंग १२०, हानी ७२, म्हणून शुल्क ७२. परदेशी माल आता ९७० ला पडतो, म्हणजे बरोबर देशी उत्पादकाच्या हानिरहित भावाला. सगळ्या प्रकरणाचा गाभा म्हणजे हा ९७० चा आकडा, आणि तो कोणालाही दाखवला जात नाही, कारण त्यात उत्पादकाचा खर्च उघडा पडतो.

हा आकडा कसा बांधला जातो ते मात्र नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात उघड लिहिलेले आहे आणि प्रत्येक वापरकर्त्याने ते वाचावे. उत्पादकाने कच्चा माल, वीज-इंधन आणि यंत्रक्षमता यांचा हानीच्या कालावधीत जो सर्वोत्तम वापर केला असेल, त्या कार्यक्षमतेवर खर्च धरला जातो. एखाद्या वर्षी कारखाना बंद पडला, संप झाला, यंत्रे निम्म्या क्षमतेने चालली, तर त्या अकार्यक्षमतेचा भार आयातदारावर टाकता येत नाही. मग गुंतवलेल्या भांडवलावर, म्हणजे निव्वळ स्थिर मालमत्ता आणि खेळते भांडवल यांवर, २२ टक्के परतावा मिळवला जातो. हे २२ टक्के करपूर्व आणि व्याजासह आहेत, तरीही माझ्या मते आजच्या व्याजदरांच्या काळात ते सढळ आहेत. नवा, कर्जावर उभारलेला कारखाना अर्जदार असेल तर मालमत्तेचे मूल्य मोठे असते, २२ टक्क्यांचा आकडाही मोठा होतो आणि हानिरहित भाव वर सरकतो. अशा प्रकरणात वापरकर्त्यांनी विचारायला हवे, की कारखाना सुरू होतानाच्या काळातला तोटा डम्पिंगच्या खात्यावर तर टाकला जात नाही ना.

गोपनीय आकडे मिळत नसले तरी अर्जाची गोपनीय नसलेली आवृत्ती मिळते आणि तिच्यात उत्पादन, विक्री, साठा, नफा, रोजगार यांचे निर्देशांक असतात, पहिले वर्ष १०० धरून. मी नवख्या सहकाऱ्यांना हे तक्ते आडवे न वाचता एकमेकांवर ठेवून वाचायला सांगतो. आयात वाढली त्याच वर्षी नफा घसरला का? की आयात आधीच वाढलेली होती आणि नफा घसरला तो कच्च्या मालाचे भाव उसळल्यावर? क्षमता दुप्पट केल्यामुळे क्षमतेचा वापर कमी दिसतो आहे का? निर्यातीत तोटा झाला असेल तर तो देशांतर्गत तोट्यात मिसळला आहे का? पीव्हीसीसाठी लागणारे क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा एकाच प्रक्रियेत एकत्र तयार होतात. कॉस्टिकचे भाव कोसळले तर क्लोरीनवर खर्चाचा बोजा कसा वाटला गेला, हा प्रश्नही रास्त असतो. इतर कारणांनी झालेली हानी डम्पिंगच्या माथी मारता येत नाही असे नियमच सांगतो. कारणे वेगळी करून दाखवण्याचे काम मात्र विरोध करणाऱ्याला करावे लागते.

वापरकर्त्यांचे नेहमीचे दोन युक्तिवाद फारसे उपयोगी पडत नाहीत, हे आधीच सांगणे बरे. पहिला, देशात माल पुरत नाही, मग शुल्क कशाला? डीजीटीआरची यावरची भूमिका वर्षानुवर्षे ठाम आहे: मागणी आणि पुरवठ्यात तूट असली तरी ती डम्पिंगच्या भावाने भरून काढण्याचा हक्क कोणाला मिळत नाही, आयात थांबत नाही, ती फक्त रास्त भावाने येते. दुसरा, आमचा खर्च वाढेल. वाढेलच, पण नुसते वाढेल म्हणून भागत नाही. किती वाढेल ते दाखवावे लागते. तुमच्या पाइपच्या एका किलोत रेझिन किती, त्यात आयात रेझिनचा वाटा किती, सुचवलेल्या शुल्काने पाइपचा खर्च किती टक्के वाढतो, तो भार ग्राहकावर ढकलता येतो का, आणि सरकारी योजनांच्या निविदांत दर आधीच बांधलेले असतील तर त्याचे काय, हे आकडे ताळेबंद आणि लेखापालाच्या प्रमाणपत्रासह द्यावे लागतात. आर्थिक हिताच्या प्रश्नावलीत यासाठी जागा असते. तिच्यात वाक्ये लिहून पाठवणारे बरेच, आकडे भरून पाठवणारे थोडे.

याउलट खरोखर फळ देणारा मुद्दा आहे वस्तूच्या व्याख्येचा. देशी उत्पादक जी प्रत बनवतच नाहीत, किंवा व्यापारी प्रमाणात पुरवू शकत नाहीत, ती प्रत शुल्काच्या कक्षेतून वगळण्याची मागणी करता येते आणि अशा मागण्या अनेक प्रकरणांत मान्य झालेल्या आहेत. त्यासाठी लागणारा पुरावा अगदी साधा असतो: देशी उत्पादकाकडे मालाची केलेली लेखी चौकशी, त्याचे नकाराचे किंवा मौनाचे उत्तर, नमुन्याच्या चाचणीचे अहवाल, तुमच्या यंत्रावर देशी प्रत का चालत नाही याची तांत्रिक नोंद. तोंडी चौकशी इथे कामाची नाही. तपास सुरू होताच वस्तूची व्याख्या आणि वर्गवारी यांवर मत द्यायला साधारण १५ दिवस दिले जातात, तर प्रश्नावलीला साधारण ३०. म्हणून हा पत्रव्यवहार तपासाच्या आधीपासूनच कपाटात तयार असावा लागतो. अधिसूचना आल्यावर जमवायला घेतला तर उशीर झालेला असतो.

तुम्ही स्वतः आयातदार नाही ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. ज्या उद्योगांत तो माल वापरला जातो त्यांना माहिती देण्याची संधी दिली पाहिजे, असे नियम ६ स्पष्ट सांगतो. तरीही एकट्या छोट्या कारखान्याचे पत्र आणि संघटनेने शंभर सदस्यांचे आकडे गोळा करून केलेले निवेदन यांच्या वजनात फरक पडतो. आपल्या औद्योगिक वसाहतीतील संघटनेने किंवा राज्यातील प्लास्टिक प्रक्रिया उद्योगांच्या संघटनेने एक परिव्यय लेखापाल नेमून सगळ्यांच्या वतीने एकच नीट निवेदन द्यावे, त्यासोबत गोपनीय नसलेली प्रतही द्यावी (ती नसेल तर निवेदन विचारात घेतले जात नाही), आणि तोंडी सुनावणीनंतर लेखी म्हणणे ठरलेल्या मुदतीत पाठवावे. अंतिम निष्कर्षाआधी आवश्यक तथ्यांचे प्रकटन होते, म्हणजे निर्णय ज्यांवर आधारायचा ती तथ्ये डीजीटीआर सर्व पक्षांना कळवते. त्यावर उत्तर द्यायला मोजकेच दिवस मिळतात, पण निकाल कुठल्या दिशेने चालला आहे हे तिथे दिसते आणि हिशेबातली चूक दाखवायची ती शेवटची खरी संधी असते.

डीजीटीआर फक्त शिफारस करते. शुल्क लावायचे की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवते आणि त्यासाठी अंतिम निष्कर्षापासून तीन महिन्यांची मुदत असते. हा टप्पा एकेकाळी औपचारिकतेसारखा होता. २०२० च्या अर्थसंकल्पात पॉलिस्टरचा कच्चा माल असलेल्या पीटीएवरचे शुल्क सार्वजनिक हिताच्या कारणाने रद्द करण्यात आले. पाठोपाठ ऑगस्ट २०२१ मध्ये चीन आणि इंडोनेशियातील व्हिस्कोस तंतूवरचे शुल्क पुढे चालू ठेवण्याची शिफारस असतानाही सरकारने ते काढून टाकले. २०१० पासून चालत आलेले शुल्क असे संपले आणि त्याचा थेट संबंध सूतगिरण्यांशी व यंत्रमागांशी होता. भिवंडी-मालेगावच्या माग चालवणाऱ्यांपर्यंत अशा निर्णयांचा परिणाम धाग्याच्या भावातून पोहोचतो, मात्र तपासाच्या कागदपत्रांत त्यांचे नाव क्वचितच सापडते. या दोन निर्णयांनंतर वापरकर्त्या उद्योगांनी आपले म्हणणे डीजीटीआरबरोबरच वस्त्रोद्योग, कृषी अशा आपल्या संबंधित मंत्रालयाकडेही आकड्यांसह पाठवणे योग्य ठरते, कारण सार्वजनिक हिताचा विचार शेवटच्या टप्प्यावर तिथूनच पुढे जातो.

शुल्काची मुदत पाच वर्षे असते, त्यानंतर मुदतसमाप्तीचा आढावा घेऊन ती आणखी पाच वर्षे वाढवता येते, आणि किती वेळा वाढवावी याला कायद्यात मर्यादा नाही. माझे स्पष्ट मत आहे, की इथे मर्यादा हवी. पहिली पाच वर्षे उद्योगाला सावरायला मिळावीत, एखादी वाढही समजू शकते. पण जे संरक्षण दहा-पंधरा वर्षे चालते ते डम्पिंगवरचा उपाय राहत नाही, ती त्या उद्योगाची सवय होते, विशेषतः देशात उत्पादक एक किंवा दोनच असतील तेव्हा. आढाव्यात डम्पिंग चालू आहे एवढेच पाहत नाहीत. शुल्क काढल्यास डम्पिंग आणि हानी पुन्हा उद्भवण्याची शक्यता आहे का, हे पाहतात, आणि शक्यता दाखवणे सोपे असते. त्यामुळे शुल्क केव्हा संपणार याची तारीख टेबलावर लिहून ठेवा आणि आढाव्याची अधिसूचना निघाली की मूळ तपासाइतक्याच गांभीर्याने भाग घ्या.

दुसरी बाजूही मांडतो, कारण देशी उत्पादकाची तक्रार नेहमी खोटी नसते. स्वतःच्या देशात मागणी मंदावली की परदेशातले मोठे कारखाने आपली चाके फिरती ठेवण्यासाठी फक्त बदलता खर्च निघेल अशा भावाने माल बाहेर काढतात. हे काही तिमाह्या चालले तरी इथला मध्यम आकाराचा कारखाना कायमचा बंद पडू शकतो, आणि तो बंद पडल्यावर परदेशी भाव वर जातात तेव्हा तुमच्याकडे पर्याय उरत नाही. पाइप बनवणाऱ्यालाही देशात रेझिन बनत राहणे हिताचेच आहे. भांडण शुल्क असावे की नसावे याचे नसावे. किती, कशावर आणि किती काळ याचे असावे.

हेच हत्यार आपल्याविरुद्धही चालते. भारतीय कोळंबीवर अमेरिकेत २००५ पासून असे शुल्क आहे. युरोपीय समुदायाने १९९७ मध्ये भारतीय सुती चादरी-पलंगपोसांवर शुल्क लावले तेव्हा मालाच्या ज्या प्रकारांत निर्यात भाव देशातल्या भावापेक्षा जास्त होता त्यांचा ऋण फरक शून्य धरून डम्पिंगची सरासरी फुगवण्याची पद्धत वापरली होती. भारताने ती जागतिक व्यापार संघटनेत नेली आणि २००१ मध्ये अपील मंडळाने ती पद्धत करारबाह्य ठरवली. हिशेबाच्या पद्धतीवर नेमके बोट ठेवले की मोठ्या अर्थव्यवस्थांनाही माघार घ्यावी लागते, याचे ते ठोस उदाहरण आहे.

शेवटी रोजच्या खरेदीच्या बाबतीत काही गोष्टी. शुल्क अधिसूचनेतील तक्त्यात मूळ देश, निर्यातीचा देश आणि उत्पादक असे वेगवेगळे रकाने असतात आणि तपासात सहकार्य करणाऱ्या उत्पादकाचा दर ‘इतर कोणीही’ या ओळीतल्या दरापेक्षा बराच कमी असू शकतो. म्हणून आयातदाराकडून रेझिन घेताना उत्पादकाचे नाव आणि मूळ देश बिलावर लिहून घ्या. शुल्क नसलेल्या तिसऱ्या देशातून फिरवून आणलेला माल पुढे चौकशीत सापडला तर पुरवठा अचानक तुटतो. शुल्क बहुधा डॉलरमध्ये ठरलेले असते, त्यामुळे रुपया घसरला की ते रुपयांत वाढते. त्यावर समाजकल्याण अधिभार लागत नाही, मात्र आयजीएसटी लागतो. आयजीएसटीचे क्रेडिट मिळते, डम्पिंगविरोधी शुल्काचे मिळत नाही, ते सरळ खर्चात जाते. अधिसूचना निघाली तेव्हा जहाज समुद्रात होते, ही सबब चालत नाही. त्यामुळे आयातदाराशी होणाऱ्या करारात मधल्या काळात शुल्क लागल्यास भार कोणी सोसायचा याचे कलम असलेच पाहिजे. तसेच तुमच्या पाइपच्या ऑर्डरीतही रेझिनच्या भावाशी जोडलेले दरबदलाचे कलम मागून पाहा. निर्यातीसाठी माल बनवत असाल तर ॲडव्हान्स ऑथरायझेशनखाली, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी मिळणाऱ्या शुल्कमुक्त आयात परवान्यावर, आणलेल्या कच्च्या मालावर हे शुल्क माफ आहे. निर्यातप्रधान घटक आणि सेझमधील (विशेष आर्थिक क्षेत्रातील) कारखान्यांनाही सामान्यतः ते लागत नाही.

काही प्रकरणांत शुल्क ठरावीक रकमेचे न ठेवता संदर्भ किमतीचे ठेवले जाते: माल त्या किमतीखाली आला तर फरकाएवढे शुल्क, वर आला तर शून्य. जागतिक भाव चढे असताना वापरकर्त्याला हे रूप सोयीचे पडते आणि सुनावणीत त्याची मागणी करता येते. त्यात बिले फुगवून शुल्क चुकवण्याचा धोका असतो, त्यामुळे देशी उत्पादक त्याला विरोध करतात आणि त्यांच्या विरोधात तथ्य आहे. तरी रेझिनसारख्या भाव सतत हलणाऱ्या मालासाठी मी तीच मागणी करेन. अंतिम निर्णय पटला नाही तर कलम ९सी खाली सीमाशुल्क, उत्पादन शुल्क व सेवाकर अपील न्यायाधिकरणाकडे ९० दिवसांत अपील करता येते. मध्येच परिस्थिती पालटली, म्हणजे देशी उत्पादकाने उत्पादन बंद केले किंवा तो ती प्रत बनवेनासा झाला, तर पाच वर्षे थांबण्याची गरज नाही. पुराव्यासह मध्यावधी आढाव्याचा अर्ज डीजीटीआरकडे करता येतो. अपिलात आणि आढाव्यात तुम्ही मूळ तपासात काय नोंदवले होते ते आधी पाहिले जाते, म्हणून पहिल्या अधिसूचनेनंतरच्या त्या १५ दिवसांतले पत्र, ते कितीही छोटे असले तरी, पाठवून त्याची पोच जपून ठेवा.